पिसाची माशी

पाण्यात उतरल्यावर पहिली दोन मिनिटं पाय दुखतात. मग दुखायचे थांबतात, आणि ते जास्त वाईट वाटतं. छातीपर्यंतची रबरी विजार आहे, आत लोकरीचे मोजे आहेत, तरी तीर्थनचं पाणी हाडापर्यंत पोचतंच. गाइडनं दोरीला बांधलेला थर्मामीटर प्रवाहात सोडलाय. थोड्या वेळानं वर ओढून तो माझ्यासमोर धरतो. नऊ अंश. "बढ़िया है," तो म्हणतो. कुणासाठी, हे विचारायची गरज नाही.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, सकाळचे साडेपाच. हिमाचलच्या कुलू जिल्ह्यात, बंजारच्या पुढे गुशैणी नावाचं गाव आहे. त्याच्या थोडं खालच्या अंगाला आम्ही उभे आहोत. मुंबईत या वेळी पंख्याखालची उशी घामानं भिजलेली असेल. इथे स्वेटरवर जाकीट आहे. समोरच्या डोंगराच्या माथ्यावर, देवदारांच्या ओळीवर ऊन आलंय, पण ते नदीपर्यंत उतरायला अजून बराच अवकाश आहे. दोन्ही काठांवर आल्डरची झाडं पाण्यावर ओणवी झालेली, मधे खोलीएवढाले धोंडे, आणि त्यांच्यामधून फेसाळत, वळसे घेत, क्षणभर थबकून पुन्हा सुटणारं पाणी. आवाज एवढा की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. म्हणून गाइड फारसा बोलतच नाही, बोटानं दाखवतो. तो याच खोऱ्यातला, तिशीतला. मला 'सरजी' म्हणतो, मी त्याला 'भाईजी'. कालपासून आमचं एवढ्यावर उत्तम चाललंय.

मासे पकडणं मला नवं नाही, असं मी काल त्याला ऐटीत सांगून बसलोय. आजोळ संगमेश्वरकडचं. सुट्टीत मामाबरोबर शास्त्री नदीवर गरवायला जायचो. वेळूची काठी, तंगूस, भेंडाचा तुकडा, गरीला ओवलेलं गांडूळ. एकदा गरी डोहात पडली की मामा बिडी पेटवायचा आणि आम्हाला एवढंच सांगायचा, "बस गप." गरवणं म्हणजे बसणं, असंच माझ्या अंगवळणी पडलेलं. आज पहिल्या दहा मिनिटांत कळतंय की इथे बसायची सोयच नाही.

भाईजी काठीला हातही लावत नाही. आधी वाकतो आणि गुडघाभर पाण्यातला नारळाएवढा धोंडा उलटा करून माझ्या हातात देतो. वरून साधा, ओला, करडा. खालची बाजू मात्र भरलेली आहे. नखाएवढे चपटे जीव दगडाला पोट घासत सैरावैरा सरकतायत. शेपटाला तीन बारीक तंतू, पोटाच्या कडेला कल्ल्यांची झालर सतत हलतेय. या मेफ्लायच्या अळ्या. त्यांच्या शेजारी वाळूच्या कणांच्या इवल्या नळ्या चिकटलेल्या आहेत, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या लांब. मी एक नळी नखानं हलवतो. टोकातून काळं डोकं आणि सहा पाय बाहेर येतात, जरा वळवळतात आणि पुन्हा आत जातात. ही कॅडिसची अळी. तोंडातून रेशीम काढते आणि एकेक कण चिकटवून घर बांधते. जवळ धरून पाहिलं तर कणांत काळे आहेत, पांढरे आहेत, एक अभ्रकाचा कण चक्क चमकतोय. गवंडीकाम इतकं बेमालूम की सांधा दिसत नाही.

हा दगड म्हणजे आजचा मेनू. भाईजी तो होता तसाच, होता तिथेच ठेवतो आणि खिशातून डबी काढतो. डबीत माश्या आहेत: पिसांच्या, केसांच्या, तांब्याच्या तारेच्या. मासा आणि माशी हे दोन शब्द मराठीनं एवढे शेजारी-शेजारी का ठेवलेत, ते मला या डबीकडे बघताना पहिल्यांदाच सुचतं. एक माशी एल्कच्या केसांची. एल्क हे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण. त्याचा केस आतून पोकळ असतो, म्हणून ही माशी बुडत नाही. पंख मिटून बसलेल्या कॅडिससारखी तरंगते. दुसरी फेझंटच्या शेपटीच्या पिसाची, तांब्याच्या तारेनं बांधलेली. फ्रँक सॉयर नावाच्या एका इंग्लिश नदीरक्षकानं ती बांधायला सुरुवात केली. दोऱ्याऐवजी तार वापरली, कारण तारेच्या वजनानं ती बुडते आणि मघाच्या त्या अळीसारखी दिसते. गंमत अशी की याच खोऱ्याच्या वरच्या जंगलात मोनाल आणि जुजुराणा हे फेझंटच्या कुळातले देखणे पक्षी राहतात. त्यांच्या पिसाला हात लावायचा तर कायदा आडवा येतो. तेव्हा डबीतलं पीस परदेशी, केस परदेशी, आणि ज्याला फसवायचं तो मासाही मुळात परदेशीच. त्याचं पुढे सांगतो, आता काठी हातात आलीय.

नऊ फुटांची काठी आणि वजन म्हणाल तर हातातल्या छत्रीपेक्षा कमी. मामाच्या पद्धतीत दोऱ्याच्या टोकाला शिशाचा तुकडा असायचा. तो भिरकावला की दोरा त्याच्या मागे जायचा. इथे उलटं आहे. पिसाच्या माशीला वजनच नाही, ती भिरकावणार कशी? म्हणून वजन दोरीला दिलेलं आहे. जाड, पिवळी, प्लॅस्टिकच्या आवरणाची दोरी हवेतून जाते आणि माशीला मागून नेते. दोरीच्या टोकाला नऊ फुटांचा निमुळता होत जाणारा पारदर्शक तंगूस, आणि त्याच्याही शेवटी ०.१५ मिलिमीटर जाडीचा धागा. एवढा बारीक की गाठ मारताना मला चष्मा कपाळावर चढवावा लागतो आणि तरीही ती भाईजीच मारतो.

आता फेकायचं. काठी वर, मागे, थांबा, पुढे. मधला 'थांबा' सगळ्यात महत्त्वाचा. मागे गेलेली दोरी हवेत पूर्ण उलगडली पाहिजे, तिचा ताण काठीला जाणवला पाहिजे, मगच काठी पुढे. मी थांबत नाही. मागे काय चाललंय ते दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीसाठी थांबायचा माझा स्वभाव नाही. दोरी आसुडासारखी कडाडते. दुसऱ्या वेळी माझ्याच टोपीला गरी अडकते. तिसऱ्या वेळी मागून काहीतरी ओढतं, मी जोर लावतो, आणि धागा तुटतो. एल्कच्या केसांची ती देखणी माशी मागच्या आल्डरच्या फांदीवर, हात पोचणार नाही अशा उंचीवर जाऊन बसलीय.

"सरजी," भाईजी शांतपणे म्हणतो, "पीछे को भी टाइम दो."

तो डबीतून दुसरी काढतो. त्याच्या चेहऱ्यावर वैताग नाही. एका माशीमागे किती वेळ जातो, असं मी विचारतो. दहा मिनिटं, तो सांगतो, आणि मी मनातल्या मनात आजच्या दिवसाचा हिशेब मांडायला लागतो.

आम्ही खालून वर चाललोय. प्रवाहाच्या विरुद्ध, कमरेत वाकून, एकेक पाऊल चाचपत. कारण ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. आपण मागून आलो तर दिसत नाही. आणि तो वर बघतो ते पाण्याच्या पृष्ठभागावरच्या एका गोल खिडकीतून. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे काठावरचं सगळं जग त्या खिडकीच्या कडेला दाटीवाटीनं त्याला दिसतं. उंच माणूस लांबूनही दिसतो, बुटका जवळ आला तरी निभावतो. माझी पाच फूट अकरा इंच उंची आयुष्यात पहिल्यांदाच अडचणीची ठरतेय.

एका धोंड्यापाशी भाईजी हात वर करतो. थांबलो. वीसेक फुटांवर एक बसएवढा दगड आहे. त्याच्या उजव्या अंगानं पाण्याची जोरकस धार निघते, डाव्या अंगाला पाणी जवळजवळ स्थिर, आणि दोन्हींच्या मधे शिवणीसारखी एक रेघ. त्या रेघेवर फेसाचे बुडबुडे एकामागून एक चाललेत. दादरच्या पुलावर गर्दीचा लोंढा चाललेला असताना खांबाच्या आडोशाला उभा राहून निवांत पेपर वाचणारा माणूस असतो ना, ट्राउटची तीच जागा. लोंढ्यात उभं राहिलं तर दम जातो, फार लांब गेलं तर खाणं समोरून जात नाही. म्हणून शिवणीवर.

बघतोय. बुडबुडे, बुडबुडे, एक पान, बुडबुडे. आणि मग पाण्यावर एक वर्तुळ उमटतं, पावसाचा एकच थेंब पडावा तसं. आवाज नाही. मला वाटतं भास झाला. भाईजीचं बोट मात्र तिकडेच रोखलेलं आहे. पुन्हा वर्तुळ. या वेळी वर्तुळाच्या मधे एक काळं नाक मला दिसतं, निदान दिसल्यासारखं वाटतं.

फेकतो. माशी दगडाच्या वरच्या बाजूला पडते, चक्क बरोबर पडते, आणि शिवणीवरून खाली यायला लागते. एक फूट, दोन फूट. तेवढ्यात मधली जोरकस धार माझी पिवळी दोरी पकडते आणि तिला कमानीसारखी पुढे ओढून नेते. तिच्या मागोमाग माशी, पाण्यावर रेघ ओढत, मोटारबोटीसारखी. खरी माशी सहसा अशी धावत नाही. वर्तुळं थांबतात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तो कुठे गेलेला नसणार, खाली कुठेतरी असणारच. पण आज आता माझ्याकडे बघणार नाही.

मासा माझ्यापासून लपतोय, एवढीच माझी आतापर्यंतची समजूत होती. खरी अडचण दोरीची आहे. माझ्यापासून माशीपर्यंत चार वेगवेगळे प्रवाह आहेत, चार वेगवेगळ्या चालींचे, आणि एकच दोरी त्या चौघांवर पडलेली आहे. माशीनं पाण्याच्या चालीनं जायला हवं तर दोरीची सतत समजूत घालावी लागते. भाईजी माझ्या मनगटावर हात ठेवून दाखवतो: दोरी पाण्यावर पडल्या पडल्या काठीच्या टोकानं एक छोटा अर्धगोल काढायचा आणि दोरीचं पोट उचलून वरच्या बाजूला टाकायचं. याला मेंड म्हणतात. आता धार ते पोट सरळ करेपर्यंत माशीला पाच-सहा सेकंद मोकळीक मिळते. सगळा खेळ या पाच-सहा सेकंदांचा. बाकीचं सामान, रबरी विजार, परदेशी पिसं, मुंबईहून केलेला प्रवास, या पाच सेकंदांसाठी.

ऊन पाण्यावर आलंय. आम्ही एका सपाट दगडावर बसून थर्मासमधला चहा पितो. कागदात गुंडाळलेले बटाट्याचे पराठे आहेत. समोरच्या ओल्या खडकावर चॉकलेटी रंगाचा, मैनेपेक्षा लहान पक्षी उठाबशा काढतोय. ब्राऊन डिपर. बघता बघता तो वाहत्या पाण्यात चालत जातो. पोहत नाही, बुडी मारत नाही. पायऱ्या उतरावं तसा उतरतो, तळाच्या दगडांत काहीतरी शोधतो आणि चोचीत तीच वाळूची नळी घेऊन वर येतो. दगडावर आपटून नळी फोडतो, अळी गिळतो, पुन्हा आत. तीन वेळा गेला, तीनदा काहीतरी घेऊन आला. मी पराठा खातो.

तर हा मासा. ब्राऊन ट्राउट युरोपचा. इंग्रज साहेबाला आपल्या नद्यांतल्या माशांना गळ टाकणं पुरेसं वाटेना, म्हणून त्यानं मायदेशातला मासा मागवला. जिवंत मासा बोटीवर टिकणं अवघड, तेव्हा अंडी आणली. १८९९ साली काश्मीरसाठी निघालेली पहिली खेप वाटेतच मेली. १९०० सालची, स्कॉटलंडहून आलेली, जगली. काश्मीरमधून पुढे १९०९ मध्ये तो कुलूत महिली इथल्या पैदास केंद्रात आला. कुलूचे तेव्हाचे असिस्टंट कमिशनर हॉवेल यांनी त्यात पुढाकार घेतला. थंड, स्वच्छ, भरपूर प्राणवायू असलेलं पाणी मिळालं आणि पाहुणा घरचा झाला. या नद्यांत आधीपासून राहणारा स्नो ट्राउट, ज्याचा नावापलीकडे या ट्राउटशी फारसा संबंध नाही, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा गरीब मासा. पाहुणा त्याच्या पिल्लांवरही ताव मारतो. हे मी चहा पिताना भाईजीला म्हणतो. तो खांदे उडवतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की हा मासा नसता तर ही नदी अशी राहिली नसती.

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. डोंगरापलीकडची सैंज नदी जलविद्युत प्रकल्पांसाठी अडवली गेली आहे. खाली लारजीला, जिथे तीर्थन आणि सैंज बियासला मिळतात, तिथे बियासवर धरण आहे. तीर्थनवरही प्रकल्प प्रस्तावित होते. बंजारचे माजी आमदार दिले राम शबाब आणि इथल्या गावकऱ्यांनी त्यांना विरोध केला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं, आणि नदी मोकळी राहिली. त्या भांडणात ट्राउट हाही एक मुद्दा होता. साहेबानं हौसेसाठी आणलेल्या माशानं शंभर वर्षांनी पहाडी नदीची साक्ष काढावी, हे मला गमतीचं वाटतं. नदीला वरून धोका नाही असं मात्र नाही. भाईजी पलीकडच्या काठावरचा एक धोंडा दाखवतो, ट्रकच्या केबिनएवढा. २०२३ च्या जुलैत कुलू जिल्ह्याला झोडपून गेलेल्या पुरात तो तिथे आला. आधी तो कुठे होता, हेही त्याला ठाऊक आहे: "ऊपर, मोड़ के पीछे." त्या मोडावर त्याची एक हुकमी जागा होती, ती गेली. या धोंड्यामागे नवी झाली.

तिथेच जातो आता.

या वेळी तांब्याच्या तारेची, बुडणारी माशी. ती दिसणार नाही म्हणून तिच्यावर तीन फुटांवर लोकरीचा नारिंगी ठिपका बांधलाय. हे पाहून मला आजोळी गेल्यासारखं वाटतं. हा तर भेंडाचा तुकडाच. काठी मागे. थांबतो. मनात 'बस गप' म्हणतो, तेवढ्यात दोरीचा ताण येतो. पुढे. माशी धोंड्याच्या खांद्यावर पडते, बुडते. मेंड. ठिपका बुडबुड्यांच्या चालीनं निघतो, अगदी त्यांच्यातलाच एक होऊन. काही नाही. पुन्हा. काही नाही. पुन्हा. सहाव्या की सातव्या वेळी ठिपका किंचित अडखळतो. बुडत नाही, ओढला जात नाही. चालता माणूस हाक ऐकून थबकावा तसा थबकतो. मी विचार करत राहतो की हे काय असावं. "उठाओ!" भाईजी ओरडतो. मी काठी उचलतो. रिकामी. ट्राउटनं माशी तोंडात घेतली, पीस आहे हे ओळखलं, थुंकली, आणि मी अजून विचारच करतोय.

आठव्या वेळी ठिपका थबकतो आणि विचार करायच्या आत हात वर जातो.

काठी वाकते. धागा पाण्याला चिरत वरच्या धारेकडे पळतो आणि रीळ करकरते. भाईजी आता मोठमोठ्यानं बोलतोय, छोड़ो, छोड़ो, अब खींचो, आणि मला एवढंच कळतंय की त्या धाग्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी मान झटकतंय. प्रत्येक झटका कोपरापर्यंत येतो. मोठा नाही, पण धार त्याच्या बाजूनं आहे. एकदा तो पाण्याबाहेर उसळतो, पिवळा, वाकलेला, आणि पुन्हा आत. दोन मिनिटं असतील जेमतेम. मग तो कडेच्या संथ पाण्यात येतो आणि भाईजी खालून जाळी लावतो.

"हाथ गीला करो." कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तिथे रोग धरतो. मी हात बुडवतो. मग त्याला पाण्यातच, तळव्यावर घेतो.

वीतभर लांब, वर चार बोटं. पाठ शेवाळी तपकिरी, बाजूला पितळ, पोट लोण्यासारखं. अंगभर काळे ठिपके, आणि मधे मधे लाल. प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट निळसर कडं. नथीतल्या माणकाला मोत्यांनी घेरावं तसं, पण इतकं बारीक की कोणा सोनाराला जमणार नाही. पाठीच्या शेवटी शेपटीआधी मांसाचा एक इवलासा पर, टोकाला शेंदरी. डोळा मोठा, बाहुली पुढच्या बाजूला निमुळती. तो माझ्याकडे बघत नाही. कल्ले उघडतायत, मिटतायत. ओठाच्या कोपऱ्यात तांब्याची तार चमकतेय. गरीला काटा नाही, म्हणून भाईजी दोन बोटांत धरून नुसती फिरवतो आणि ती सुटते.

काल रात्री जेवताना ताटात ट्राउट होता. तो जवळच्या हौदातला, पाळीव, रेनबो जातीचा. मोहरीच्या तेलात तळलेला. छान लागला. आणि हा सोडायचा. यात कुठेतरी मोठी विसंगती आहे आणि ती मला सोडवता येत नाही. खायचा नसेल तर त्याला दमवायचं कशाला? मामा असता तर सरळ म्हणाला असता, "मग गेलास कशाला एवढा लांब?" माझ्याकडे बरं उत्तर नाही. ब्राऊन ट्राउट थंडीच्या तोंडाला अंडी घालतो, म्हणून हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या पाण्यात बंदी असते. याची अंडी अजून घालायची आहेत, वगैरे मला सांगता येईल. पण खरं ते नाही. मला तो ठिपका थबकलेला पुन्हा बघायचा आहे, एवढंच.

भाईजी त्याचं तोंड प्रवाहाकडे करून धरायला सांगतो. धरतो. आधी तो नुसता पडून राहतो, इतका वेळ की मला भीती वाटायला लागते. मग शेपटी एकदा हलते. पुन्हा. आणि तळवा रिकामा होतो. गेला कुठे, ते दिसतसुद्धा नाही. तळाचे दगड आणि त्याची पाठ एकाच रंगाची आहे.

साडेनऊ वाजले. अजून दोन जागा बघायच्या होत्या, पण भाईजी पाण्याकडे बघून मान हलवतो. मला काही फरक दिसत नाही. तो पुन्हा थर्मामीटर सोडतो: दहाच्या वर. मग माझ्या गुडघ्यापाशी बोट दाखवतो. मघाशी मोजे घातलेल्या पायांखालचा एकेक खडा दिसत होता, आता दुधात पाणी घालावं तसं धूसर झालंय. वर बर्फावर ऊन पोचलं. वितळलेलं पाणी सोबत दगडाचा पिठासारखा चुरा घेऊन खाली निघालंय; दुपारपर्यंत नदी वीतभर चढेल आणि राखाडी होईल. माशाला माशी दिसायची नाही. संपलं.

परत जाताना खालच्या अंगाला मी मघाचा आल्डर शोधतो. दहा मिनिटांची मेहनत त्या फांदीवर आहे. ऊन आता थेट पानांवर आलंय आणि झाडाभोवती काहीतरी भिरभिरतंय. सकाळच्या त्या वाळूच्या नळ्यांतून मोठे होऊन बाहेर पडलेले कॅडिस, पतंगासारखे, धुरकट रंगाचे. माझी माशी तिथेच आहे. तिच्या शेजारी, दोन बोटांवर, पंख छपरासारखे मिटून एक खरा कॅडिस बसलाय. खालून बघताना क्षणभर कळत नाही, यातला आपला कोणता.

भाईजी दगडावर चढतो, काठीच्या टोकानं फांदी खाली ओढतो. एक उडून जातो. दुसरा तो टोपीला टोचून ठेवतो.